कुणावर गेलंय हो हे?

आमच्या आणि नलूताईंच्या बंगल्यांमधली भिंत छातीइतकी उंच आहे. बांधताना दोन्ही घरचे पुरुष म्हणत होते, आणखी दोन फूट चढवू. आम्ही दोघींनी चढवू दिली नाही. त्याला पस्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या भिंतीवरून कढीपत्ता गेला, विरजण गेलं, सांगलीत पाणी चढलं तेव्हा मेणबत्त्या गेल्या, आणि विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीची प्रत्येक बातमी याच भिंतीवर कोपर टेकून सोलून झाली.

त्या सकाळी माझ्याकडं दोन बातम्या होत्या.

"नलूताई, कोपऱ्यावरच्या घरी बारशाला गेला होतात ना? बाळाचे डोळे बघितलेत?"

"बघितले. दोन आहेत."

"चेष्टा नको. चक्क घारे आहेत. आई काळ्या डोळ्यांची, बाप काळ्या डोळ्यांचा. सासूबाई पाळण्याशी उभ्या राहून चारचौघींत म्हणाल्या, आमच्याकडं सात पिढ्यांत असं कुणी नाही. सुनेचं तोंड एवढंसं झालं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? मी आपलं विचारलं, कुणावर गेलंय हो हे?"

नलूताईंचा कोथिंबीर निवडणारा हात थांबला. एकतीस वर्षं ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेली बाई. त्यांनी चष्म्यावरून बघितलं की समोरचा माणूस साठीचा असला तरी अकरावीत जातो.

"दुसरी बातमी सांग," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडं बाळंतपण झालं. मिसळीचं."

मिसळ म्हणजे चिन्मयच्या, माझ्या नातवाच्या, वाढदिवसाला आणलेल्या दोन हॅमस्टरांतली एक. पांढरं अंग आणि त्यावर काळपट सोनेरी न् पिवळी ठिगळं. दही, फरसाण आणि तर्री एका ताटलीत कालवावी तशी. म्हणून मिसळ. दुसरी अंगभर सोनेरी, ती सोनी. दुकानदार म्हणाला होता, दोघी सख्ख्या बहिणी आहेत, गुण्यागोविंदानं राहतील. चार दिवसांत बहिणी अशा जुंपल्या की सोनीचा कान फाटला. दुसरा पिंजरा आणला, दोघींना वेगळं केलं. आणि परवा बघते तर मिसळीच्या कापसात आठ गुलाबी पिल्लं वळवळतायत! सोनीला उचलून नीट बघितलं. तेव्हापासून ती सोन्या आहे.

"चार दिवस एकत्र होती, आणि वेगळी करून पुरता पंधरवडाही झाला नाही हो," मी म्हटलं.

"पुरे झाले की. यांचे दिवस सोळाच असतात. पिल्लं पोटात वाढवणाऱ्या प्राण्यांत इतकं झटपट क्वचितच कुणाचं होतं. आणि हे सीरियन हॅमस्टर एकलकोंडे गं. मोठे झाले की एका पिंजऱ्यात दोन ठेवायचेच नाहीत. दुकानात लहान असतात म्हणून गप्प बसतात. आता आठवडाभर पिल्लांना हात लावू नकोस. आई बिथरली तर पिल्लं खाते."

"हात नाही लावला, लांबून बघितलं. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. पण सात जणांच्या पापण्यांखाली काळा ठिपका दिसतो. एकाच्या नाही दिसत."

"मग त्याचे डोळे लाल निघतील."

"लाल? अहो, पण आई काळ्या डोळ्यांची, बाप काळ्या डोळ्यां..."

मी गप्प बसले. नलूताईंनी कोथिंबिरीची काडी माझ्याकडं रोखली.

"थांबलीस का? विचार ना. कुणावर गेलंय हो हे?"

दुसऱ्या दिवशी मी भिंतीशी आले तेव्हा नलूताईंनी दोन वाट्या मांडून ठेवल्या होत्या. एकीत काळे वाटाणे, दुसरीत पांढरे.

"उसळ करताय?"

"आधी शिकवणी, मग उसळ. मेंडेलनंही वाटाणेच घेतले होते. हे बघ, डोळ्याचा रंग ठरवणारी चिठ्ठी प्रत्येकाकडं दोन प्रतींत असते. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. जनुक म्हणतात ते हेच. काळा वाटाणा म्हणजे रंग धरणारी चिठ्ठी, पांढरा म्हणजे रंग न धरणारी. मिसळीकडं काय असेल?"

"तिचे डोळे काळे. म्हणजे दोन्ही काळे वाटाणे."

"नाहीतर एक काळा आणि एक पांढरा. एक जरी काळा असला तरी डोळा काळाच दिसतो. पांढरा आत गपचूप बसून राहतो. अप्रभावी म्हणतात त्याला, पण बिचारा प्रभाव नसला तरी पत्ता टिकवून असतो."

भिंतीच्या कठड्यावर त्यांनी माझ्या बाजूला एक काळा, एक पांढरा ठेवला; ही मिसळ. आपल्या बाजूला तसेच दोन, हा सोन्या. मग दोन्हीकडचा एकेक वाटाणा सरकवून मधे जोड्या लावल्या. काळा-काळा. काळा-पांढरा. पांढरा-काळा. आणि शेवटची पांढरा-पांढरा.

"चारात एक," त्या म्हणाल्या. "आई काळ्या डोळ्यांची, बाप काळ्या डोळ्यांचा, आणि चारातल्या एका पिल्लाचे डोळे लाल. कुणी कुठं शेण खाल्लेलं नाही."

"पण आमची आठ आहेत. मग दोघांचे लाल हवे होते."

"सरासरी म्हणजे हिशेबाची वही नव्हे. प्रत्येक पिल्लाच्या वेळी पुन्हा नव्यानं चिठ्ठी निघते. आठांत दोन निघतील, एक निघेल, एकही नाही निघणार. आणि मग तुम्ही म्हणाल, सात पिढ्यांत असं कुणी नाही. सात पिढ्या होतं गं. दिसत नव्हतं."

त्यांच्या कामवालीनं आतून हाक मारली म्हणून तास तिथंच सुटला. वाटाणे उन्हात राहिले. एक साळुंकी आली आणि नेमकी पांढरा-पांढरा जोडी घेऊन गेली.

मला मात्र रात्री झोप येईना. सकाळी मी गॅसवर चहा ठेवायच्या आधी भिंत गाठली.

"नलूताई, एक पटत नाही. दुकानदार बहिणी म्हणाला खरा, पण मिसळ एका पिंजऱ्यातून काढून दिली, सोन्या दुसऱ्यातून. दोघांकडं तोच पांढरा वाटाणा लपलेला असावा, हा योगायोग जरा जास्तच नाही का?"

"शाब्बास!" त्या खऱ्याच खूश झाल्या. "हा प्रश्न अकरावीतल्या एकाही पोरानं विचारला नव्हता. आता ऐक. ही गल्लीतली नाही, पण घराण्याची गोष्ट आहे. आणि घराणं असं की ऐकून कानावर हात ठेवशील."

घराण्याची गोष्ट म्हटल्यावर मी चहा विसरले.

"1839 साली लंडनमध्ये वॉटरहाउस नावाच्या गृहस्थानं सीरियातल्या अलेप्पोहून आलेला एक सोनेरी प्राणी बघितला आणि त्याचं बारसं केलं. त्यानंतर किती वर्षं त्याच्याकडं कुणी फारसं ढुंकून बघितलं नाही. मग जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल अ‍ॅडलर म्हणून एक शास्त्रज्ञ होते. काळा आजार माहीत आहे ना? बंगाल-बिहारमध्ये ज्यानं गावंच्या गावं ओस पडायची, तो. अ‍ॅडलर त्या जातीच्या रोगांवर काम करत होते. प्रयोगासाठी चिनी हॅमस्टर वापरायचे, पण ते चीनहून मागवावे लागायचे आणि पिंजऱ्यात काही केल्या वाढायचे नाहीत. म्हणून त्यांनी अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाला सांगितलं, बाबा रे, जवळपासचा एखादा शोधून आण. 1930च्या एप्रिलमध्ये अलेप्पोजवळ गव्हाच्या शेतात उकराउकर करून एक बीळ सापडलं. आत एक आई आणि तिची पिल्लं, अकरा."

"अय्या, गव्हाच्या शेतात?"

"मग! गालात दाणे भरून नेण्यात पटाईत. हॅमस्टर हा जर्मन शब्द आहे, आणि जर्मनमध्ये साठेबाजीलाच मुळी यांच्यावरनं नाव पडलंय. तर आईला आणि पिल्लांना एका खोक्यात घातलं. आई बिथरली आणि पहिल्याच पिल्लाचा तिनं जीव घेतला. मग आईलाच मारावं लागलं. बाकीची अहारोनी आणि त्यांच्या बायकोनं हातानं भरवून वाढवली. त्यातली काही पळाली, काही एकमेकांशी भांडून गेली. शेवटी राहिली तीन-चार. सगळी एका आईची."

"मग?"

"मग काय! भावाबहिणीचं जुळलं."

मी कानावर खरंच हात ठेवले.

"दुसरं कोण होतं त्यांना? त्या जोडीला पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं. वर्षभरात अ‍ॅडलरनी काही इंग्लंडला नेली, म्हणे कोटाच्या खिशात घालून. पुढं 1938 मध्ये अमेरिकेत गेली. आज जगभरातल्या घरांत आणि प्रयोगशाळांत जे सोनेरी हॅमस्टर आहेत, त्यातले जवळजवळ सगळे त्या एका बिळातले."

"म्हणजे मिसळ आणि सोन्या..."

"सगोत्र. सप्रवर. काय म्हणायचं ते म्हण. आपल्याकडं मामाच्या मुलीपर्यंत चालतं, इथं त्याच्याही पलीकडं गेलंय. आता विचार कर. इतक्या जवळच्या घराण्यात कधीतरी कुणाच्या तरी चिठ्ठीत एक अक्षर चुकलं. पांढरा वाटाणा तयार झाला. पाळणाऱ्यांना लाल डोळ्यांचं, नारिंगी अंगाचं पिल्लू आवडलं, त्यांनी ते निवडून निवडून वाढवलं. मग तो वाटाणा पिंजऱ्या-पिंजऱ्यांतून गुपचूप फिरत राहिला. सगळं जगच भावकीतलं असल्यावर दोघांकडं तोच वाटाणा निघाला तर नवल कसलं? आणि गंमत बघ, पिंजऱ्यात लाखोंनी असलेला हा प्राणी त्याच्या स्वतःच्या मुलखात, त्या अलेप्पोकडच्या रानात, आज संपत चाललाय."

सहाव्या दिवशी मीच त्यांना भिंतीवरून हाक मारली. पिल्लांच्या कातडीवर नकाशे उमटले होते. केस अजून नीट आलेच नव्हते, पण काहींच्या पाठीची कातडी करडी झाली होती आणि पाच जणांच्या कमरेभोवती गुलाबी पट्टा कोरा राहिला होता. लहान मुलाला लंगोट बांधावा तसा.

नलूताई चष्मा पुसत आमच्याकडं आल्या. पस्तीस वर्षांत त्या भिंत वळसा घालून फाटकातून आल्या असतील दहा-वीस वेळा.

"हा पट्टा मिसळीचा," त्या म्हणाल्या. "सोन्याला पट्टा नाही. पट्टा प्रभावी असतो, म्हणजे एकच चिठ्ठी पुरते. मिसळीकडं एक पट्ट्याची, एक बिनपट्ट्याची. निम्म्या पिल्लांना पट्टा यायचा. इथं पाचांना आलाय."

"पण तेवढीच जागा पांढरी का राहते?"

"पांढरा हा रंगच नाही मुळी. तिथं रंगारी पोचलेलेच नसतात. पिल्लू पोटात असताना रंगाच्या पेशी पाठीच्या कण्यापाशी जन्मतात आणि तिथून दोन्ही कुशींनी खाली निघतात, पोटाकडं. दिंड्या निघाव्यात तशा. प्रत्येक दिंडी आपापल्या वाटेनं जाते आणि वाटेत मुक्काम करत रंग वाटते. एखादी दिंडी निघालीच नाही किंवा मधेच थकली, की पुढची गावं कोरी. म्हणून तर कितीतरी प्राण्यांचं पोट पांढरं, पाय पांढरे. पाठीपासून लांबची गावं ती."

मला ते फार आवडलं. सोन्या त्याच्या चाकावर पळत होता. नलूताईंनी हळूच त्याच्या पाठीचा एक गळालेला केस उचलला, पांढऱ्या रुमालावर ठेवला आणि पिशवीतून भिंग काढलं. निवृत्त झाल्या तरी भिंग पिशवीत असतंच.

"बघ."

मी बघितलं. लांबून जो केस सोनेरी वाटत होता, त्याचं बूड राखाडी होतं, मधे सोनेरी कांडं, आणि टोक काळं. एका केसात तीन रंग! सोन्यासारख्या साध्यासुध्या प्राण्याच्या एका केसात!

"केस टोकापासून आधी तयार होतो. रंगाची पेशी आधी काळं भरते, मग मधे थोडा वेळ पिवळं, आणि परत गडद. रानातल्या उंदरा-सशांचा रंग असाच तयार होतो. म्हणून ते मातीत दिसत नाहीत. मिसळीच्या पिवळ्या ठिगळातला केस घेतलास तर त्यात असे पट्टे नाहीत दिसायचे. आणि त्या लाल डोळेवालीच्या केसाचं टोक काळं नसणार. म्हणून ती नारिंगी दिसेल."

"लाल डोळेवाली? ती मुलगी आहे?"

"कळेल थोड्या दिवसांनी. पण एवढं आत्ताच सांगते. केस आले की बघ, मिसळीसारखी पिवळी-काळी ठिगळं ज्यांच्या अंगावर उमटतील त्या सगळ्या पोरीच असतील. आणि जी नुसती पिवळी होतील, सांगलीच्या हळदीसारखी, ते सगळे पोरगे. न उचलता सांगते."

मी पैज लावली. एक किलो शेंगदाण्याची.

हरले. तीन आठवड्यांनी नलूताई आल्या, एकेक पिल्लू ओंजळीत घेऊन उलटं करून पाहिलं. मांडणी अशी निघाली. ठिगळांच्या दोघी; एकीला पांढरा पट्टा, ती हुबेहूब आईची छबी, दुसरीला नाही. दोन्ही मुली. हळदीच्या रंगाचे दोघे, दोन्ही मुलगे. सोनेरी तीन, दोन मुलगे, एक मुलगी. आणि लाल डोळ्यांची, पट्टेवाली, नारिंगी. मुलगी.

"ज्योतिषाकडं जाऊन आलात का?" मी शेंगदाण्याची पिशवी भिंतीवर ठेवत विचारलं.

"ज्योतिष कसलं! पिवळ्याची चिठ्ठी एक्स नावाच्या गुणसूत्रावर असते. हॅमस्टरला गुणसूत्रं 44, आपल्याला 46, म्हणजे आपल्याहून दोनच कमी. त्यातली दोन लिंग ठरवतात. मादीकडं दोन एक्स. नराकडं एक एक्स आणि एक वाय. आता मुलाला वाय बापाकडून मिळतो, म्हणजे एक्स कुणाकडून?"

"आईकडून."

"फक्त आईकडून. म्हणून हे दोन्ही पिवळे मुलगे रंगानं संपूर्ण आईचे. सोन्याचा त्यात एक पैशाचा वाटा नाही. उगाच बापावर गेलाय म्हणून मिशीला पीळ देऊ नये."

"आणि ठिगळं?"

नलूताई जरा पुढं झाल्या. गंभीर गप्पा त्या नेहमी हळू आवाजात सांगतात.

"मुलीकडं दोन एक्स. एक आईकडचा, पिवळ्या चिठ्ठीचा. एक बापाकडचा, बिनपिवळ्याचा. आता एका स्वयंपाकघरात दोघी कारभारणी झाल्या की काय होतं?"

"भांडण."

"म्हणून शरीर काय करतं, अगदी सुरुवातीला, प्रत्येक पेशीत एकीला गप्प बसवतं. कुठल्या पेशीत सासू गप्प, कुठल्या पेशीत सून. चिठ्ठ्या टाकून ठरतं. आणि एकदा ठरलं की त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या लेकी-नाती तेच पाळतात. जिथं बिनपिवळी गप्प, तिथं पिवळं ठिगळ. जिथं पिवळी गप्प, तिथं काळपट सोनेरी. मेरी लायन नावाच्या इंग्लंडमधल्या बाईनं 1961 साली उंदरांच्या अंगावरचे ठिपके बघून हे ओळखलं. आणि हे नुसतं हॅमस्टरचं नाही. तुझ्या-माझ्या अंगातही असंच आहे. प्रत्येक बाई आतून गोधडी असते. आपली ठिगळं दिसत नाहीत, एवढंच."

मी माझ्या हाताकडं बघितलं. इतकी वर्षं सासरची, त्याआधी माहेरची म्हणवून घेतली. पेशी-पेशीला कोण बोलतंय ते कळायला मार्ग नाही.

"म्हणजे ठिगळांचा नर नसतोच?"

"एखादा असतो. त्याला एक एक्स जास्त मिळालेला असतो. फार क्वचित निघतो, आणि बहुधा त्याला पोरंबाळं होत नाहीत."

पिल्लं द्यायची वेळ आली. चार आठवड्यांच्या आत मुलगे-मुली वेगळ्या करायच्या, नाहीतर पुन्हा अलेप्पोची गोष्ट, असं नलूताईंनी बजावलं होतं. त्यात दुकानदाराचा फोन आला. म्हणाला, काकू, तुमच्याकडं रंगीत पिल्लं आहेत असं कळलं. माझ्याकडं एक सुंदर मादी आहे, पांढऱ्यात रंगीत केस तिळासारखे पेरलेले. तसाच नरही आहे. तुम्ही वाढवा, निम्मे निम्मे. वर 'टेडी बेअर' आणि 'पँडा' जातीचेही मागवून देतो.

मला, खरं सांगते, क्षणभर मोह झाला. पिंजरे होतेच. मी भिंतीवरून नलूताईंना सांगितलं.

"टेडी बेअर नावाची जात नाही," त्या म्हणाल्या. "हाच सीरियन हॅमस्टर, केसांची लांबी वाढवणारी चिठ्ठी दुहेरी झाली की तो. त्यातसुद्धा नराचे केस परकरासारखे लोळतात, मादीचे जेमतेम. नराचं संप्रेरक लागतं त्याला. पँडा म्हणजे काळा रंग अधिक मिसळीचा पट्टा. नावाचे पैसे घेतो तो. पण ते जाऊ दे. ती तीळ पेरलेली जोडी कुणालाही जुळवू देऊ नकोस."

"का?"

"तो तिळाचा रंग एका चिठ्ठीचा असतो. दोन्हीकडून ती चिठ्ठी आली की पिल्लू पांढरं जन्मतं आणि डोळेच नसतात त्याला. लाल नाही, घारे नाही, नसतातच. चारात एक. आणि वाईट म्हणजे सोनेरी प्राण्यात ती चिठ्ठी असली तर तीळ दिसतच नाहीत. पाठ सोनेरीच, फक्त पोट पांढरंशुभ्र. माहीत नसलं तर साधं सोनेरी समजून माणूस जुळवून मोकळा होतो. ठिपक्यांचा आणखी एक प्रकार आहे, त्यात दोन चिठ्ठ्या आल्या तर पिल्लू पोटातच विरतं. कमी पिल्लं झाली, एवढंच आपल्याला दिसतं."

भिंतीवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मी दुकानदाराला फोन करून नाही म्हटलं. म्हटलं, त्या दोघांना वेगळ्या घरी द्या. तो म्हणाला, काकू, तुम्ही फार विचार करता. मी म्हटलं, शेजार वाईट आहे.

सात पिल्लं गेली, चौकशी करून, एकेकटी, प्रत्येकाबरोबर कागदावर लिहून की हा मुलगा आहे, ही मुलगी आहे. लाल डोळ्यांची मी ठेवली. चिन्मयनं तिचं नाव कुंकू ठेवलं. काळ्या डोळ्यांच्या कुटुंबातली, उजेडात डाळिंबाच्या दाण्यासारखे डोळे चमकवणारी.

आणि मग मागच्या रविवारी कोपऱ्यावरच्या सासूबाई आल्या. बाळाला दृष्ट लागते म्हणून काजळाचं बोट गालावर लावलेलं, सून दोन पावलं मागं. चिन्मयनं उत्साहानं कुंकू आणून दाखवली. बाळानं घाऱ्या डोळ्यांनी कुंकूकडं बघितलं, कुंकूनं लाल डोळ्यांनी बाळाकडं.

"अगबाई," सासूबाई म्हणाल्या, "हिचे आईबाप तर काळ्या डोळ्यांचे ना? मी बघितलेत. मग ही कुणावर गेली हो?"

सून जमिनीकडं बघत होती. मला भिंतीपलीकडं कोथिंबीर निवडायचा आवाज थांबलेला ऐकू आला.

सगळं माझ्या ओठावर होतं, वाटाण्यांसकट. तरी मी हॅमस्टरचंच सांगितलं. एक चिठ्ठी आईकडून, एक बापाकडून, दोघांकडंही लपलेली. कुंकूचे हे डोळे एकट्या मिसळीचे नाहीत, सोन्याचेही तितकेच, नाहीतर ते होतेच ना.

"बापाकडूनही?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याच्याशिवाय नाही," पलीकडून नलूताईंचा आवाज आला. "माणसाच्या डोळ्यांचा हिशेब एका चिठ्ठीवर नाही चालत, बऱ्याच चिठ्ठ्या असतात. पण उंदरांचे डोळे लाल करणारं जे जनुक आहे ना, त्याचा माणसातला भाऊ आपल्या घाऱ्या डोळ्यांत मोठा वाटेकरी आहे. आणि तो दोन्ही घरांतून येतो."

सासूबाई बाळाकडं बघत राहिल्या. मग पदराच्या टोकानं त्याच्या गालावरचं काजळ उगाच नीट करत म्हणाल्या,

"आमच्या ह्यांची एक आत्या होती. मिरजेला दिलेली. सासरे म्हणायचे, तिच्या डोळ्यांत बघायला भीती वाटायची, इतके वेगळे. पण आमच्याकडं तिचा फोटो आहे तो काळा-पांढरा. त्यात कसं कळणार?"

सुनेनं पहिल्यांदा मान वर केली. "आई, कुठं आहे तो फोटो?"

"कपाटात असेल. घरी गेल्यावर काढते."

त्या गेल्यावर मी भिंतीशी आले. नलूताईंनी काळ्या वाटाण्याच्या उसळीची वाटी आधीच काढून ठेवली होती.

"पांढऱ्या वाटाण्यांचं काय केलंत?" मी विचारलं.

"त्यातच आहेत," त्या म्हणाल्या. "मसाला जास्त पडलाय, म्हणून दिसत नाहीत."